दोन्हीकडे तेच स्वस्त, मग स्वॅप करायचा कशाला? (महापे–तळोजा, रुपये–युरो)

नौपाडा_शेवटची_अटेम्प्ट

नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा परीक्षेचा आहे, अर्धा नोकरीचा, त्यामुळे जरा लांबेल.

मी महाप्याला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत अकाउंट्स बघते. सीए फायनलचा पहिला ग्रुप मुलीच्या वेळी सुटला तो सुटलाच, आता पुन्हा हात घातलाय. एएफएमचा (वित्त व्यवस्थापनाच्या पेपरचा) अभ्यास म्हणजे ठाण्याहून कोपरखैरण्यापर्यंत ट्रान्स-हार्बरमध्ये बसायला मिळालं तर तेवढा. उभं राहावं लागलं तर तोही नाही.

आमच्या साहेबांनी गेल्या वर्षी स्टुटगार्टजवळ एक छोटं वर्कशॉप विकत घेतलं. त्यासाठी १ कोटी युरो उभे करायचेत. इकडे तळोज्याला आमचं एक गिऱ्हाईक आहे, जर्मन कंपनी. त्यांना शेड वाढवायची आहे, म्हणजे रुपये हवेत. मागच्या बुधवारी साहेब त्यांच्या फायनान्सवाल्याबरोबर जेवून आले आणि बडीशेप चघळतच माझ्या टेबलाशी उभे राहिले. "अगं, तू ते स्वॅपबिप शिकतेस ना? त्यांना रुपये हवेत, आपल्याला युरो. आपसात अदलाबदल करून टाकू. शुक्रवारपर्यंत कागदावर मांडून दे." स्वॅप म्हणजे दोघांनी आपापल्या चलनात कर्ज काढायचं, मुद्दल एकमेकांना द्यायचं, तोवर एकमेकांचं व्याज भरायचं आणि मुदत संपली की मुद्दल परत.

दोन्ही बाजूंना तीन वर्षांसाठी साधारण जे दर मिळतायत ते असे. आम्हाला रुपये ९.८ टक्क्यांनी, युरो ५.६ टक्क्यांनी. त्यांना रुपये ९ टक्क्यांनी, युरो ३.६ टक्क्यांनी. हिशेबाला सोपं म्हणून १ युरो = ९० रुपये धरलाय. म्हणजे १ कोटी युरो आणि ९० कोटी रुपये.

आता माझी अडचण. त्यांना दोन्ही कर्जं आमच्यापेक्षा स्वस्त मिळतात. मग त्यांनी आमच्याशी व्यवहार करावा कशाला? क्लासच्या नोट्समध्ये एका ओळीत लिहिलंय: फरकांचा फरक काढा, २ वजा ०.८, एकूण फायदा १.२ टक्के, वाटून टाका. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, मार्क तेवढ्यालाच आहेत, पुढे चला."

मी डिलिव्हरी चलानच्या पाठीवर साधं मांडून पाहिलं. त्यांनी युरो काढायचे ३.६ ने आणि तसेच आम्हाला द्यायचे. आम्ही रुपये काढायचे ९.८ ने आणि तसेच त्यांना द्यायचे. आम्ही खूश, ५.६ ऐवजी ३.६. पण ते ९ टक्क्यांचे रुपये सोडून ९.८ ने घेणार? तळोज्याचा फायनान्सवाला एवढा भोळा दिसत नाही. मग तो १.२ चा फायदा आहे कुठे? आणि गाइडच्या उत्तरात मध्येच एक बँक येऊन बसते, ती का?

घणसोली_एक्सेल

तुमचं बरोबर आहे. दोन्हीकडे ते स्वस्त, म्हणजे स्वॅप होणारच नाही. नोट्स चुकल्या असतील. शीट टाका, बघतो.

कोपरी_निवृत्त_डीलर

घणसोलीकर, नोट्स बरोबर आहेत. त्रोटक आहेत एवढंच.

ताई, मी एका सरकारी बँकेच्या परकीय चलन खात्यात तीस वर्षं काढली, २०१४ ला सुटलो. तुम्ही चलानच्या पाठीवर जे मांडलंत ना, तीच खरी सुरुवात. फक्त मध्येच पेन खाली ठेवलंत.

तुमच्या मांडणीत तुम्हाला २ टक्के मिळाले, त्यांचे ०.८ गेले. बेरीज करा. २ वजा ०.८ म्हणजे १.२. नोट्समधला १.२ तो हाच, तुमच्या समोरच पडलाय. फक्त सगळा तुमच्या ताटात पडलाय आणि वर त्यांच्या ताटातलंही थोडं तुम्ही उचललंय. आता उरलं काय, तर वाढप नीट करायचं. बँकेला ०.२ देऊ. उरलेला १ टक्का निम्मा-निम्मा. जर्मन मंडळी उणे ०.८ वर आहेत, त्यांना अधिक ०.५ वर आणायचं तर तुमच्याकडून १.३ द्यावे लागतील. तुमच्या २ मधून १.३ आणि ०.२ गेले, ०.५ उरले. ते रुपयांवर ८.५ भरतील, तुम्ही युरोवर ५.१ भराल. दोघंही स्वतःहून गेले असते त्यापेक्षा अर्धा टक्का खाली.

ते दोन्हीकडे स्वस्त असले तरी हे का जमतं? कारण ते दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात स्वस्त नाहीत. इथल्या बँकेने तुमचा कारखाना पाहिलाय, स्टॉक मोजलाय, तुमच्या साहेबांचा स्वभावही तिला ठाऊक आहे, म्हणून रुपयांत तुमच्यात-त्यांच्यात ०.८ चाच फरक. जर्मनीतल्या बँकेला महापे म्हणजे काय हेही गुगल करावं लागतं, म्हणून तिथे २ चा. तुम्ही रुपयांत त्यातल्या त्यात कमी महाग आहात, बस एवढंच. १८१७ साली रिकार्डो या अर्थतज्ज्ञाने इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन हेच सांगितलं, तुलनात्मक लाभ म्हणतात तो हाच. त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्ही गोष्टी कमी श्रमात करतो, तरी व्यापार दोघांच्याही फायद्याचा.

आता बँक मध्ये का. पहिलं कारण कायद्याचं. आपल्याकडे फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) असा परकीय चलनाचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दरांवर बेतलेला करार, अधिकृत डीलर बँकेबरोबरच करायचा असतो. तुम्ही आणि तळोजावाले जेवणाच्या टेबलावर आपसात करू शकत नाही. शिवाय जर्मनीतली पालक कंपनी आणि तळोज्याची कंपनी हे कागदावर दोन वेगळे जीव. तो गुंता तुमच्या सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) सोडवू द्या.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि गाइडवाले ते गिळून टाकतात. वर मी १.३ "तुमच्याकडून त्यांना" म्हणालो. तो कुठल्या चलनात? तुम्ही युरोत जास्तीचे भरताय, ५.१ वजा ३.६ म्हणजे १.५ टक्के. त्यांना सवलत मिळतेय रुपयांत, ९.८ वजा ८.५ म्हणजे १.३. युरोची टक्केवारी आणि रुपयाची टक्केवारी आपण बिनदिक्कत एकमेकींतून वजा केली. परीक्षेत चालतं. डीलिंग रूममध्ये नाही.

आकड्यांत बघा. बँकेला दरवर्षी तुमच्याकडून ५.१ लाख युरो येणार, त्यातले ३.६ लाख ती जर्मनांना देणार. हातात राहिले १.५ लाख युरो. रुपयांच्या बाजूला जर्मनांकडून ७.६५ कोटी येणार, तुम्हाला ८.८२ कोटी द्यायचे. खिशातून गेले १.१७ कोटी रुपये. युरो ९० ला असेल तर १.५ लाख युरोचे १.३५ कोटी होतात, बँकेला १८ लाख सुटतात. तेच ते ०.२ टक्के. युरो ७८ ला आला तर १.१७ कोटीच होतात, सुटले शून्य. त्याखाली बँक घरचं घालणार. म्हणून बँक पहिल्याच दिवशी ते १.५ लाख युरो तिन्ही वर्षांसाठी फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखांना द्यायचे पण दर आजच ठरवून, विकून मोकळी होते. रुपयाचं व्याज युरोपेक्षा जास्त, त्यामुळे फॉरवर्डमध्ये युरो प्रीमियमला, म्हणजे आजच्या दरापेक्षा महाग असतो. वर्षाचा फॉरवर्ड समजा ९३.५० मिळाला, तर १८ च्या जागी २३ लाखांवर जातात. बँकवाले ०.२ घेतो म्हणतात तेव्हा ही वरची साय ते तुम्हाला दाखवत नाहीत. आम्हीही दाखवत नव्हतो.

हे असंच असायला हवं असं नाही. चलनाचा धोका बँकेऐवजी तुम्ही घेऊ शकता. बँक जर्मनांकडून आलेले ८.५ तसेच तुमच्याकडे ढकलेल, तुम्ही बाहेर ९.८ भरताय, म्हणजे १.३ रुपयांत तुमच्या अंगावर, आणि युरोत तुम्ही भराल ३.८. बेरीज पुन्हा ५.१, पण आता त्यातले १.१७ कोटी रुपयांत. तुमची इथली विक्री रुपयांतच आहे, तेव्हा हा पर्याय मला तरी आवडतो. तिसरा मार्ग म्हणजे तो धोका जर्मनांच्या गळ्यात घालायचा, पण तळोज्याचा फायनान्सवाला भोळा नाही असं तुम्हीच म्हणालात. फायदा काढणं हे पाचवीच्या वजाबाकीचं काम आहे हो. धोका कोणाच्या पदरात टाकायचा, डिझाइन म्हणतात ते ह्याला.

जाता जाता. हा सगळा खेळ गाजला तो ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएम आणि जागतिक बँक, मध्ये सॉलोमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक. आयबीएमच्या अंगावर जर्मन मार्क आणि स्विस फ्रँकची जुनी कर्जं होती, आणि डॉलर वधारल्याने ती डॉलरमध्ये हलकी झाली होती. तो फायदा तिला पदरात पाडून घ्यायचा होता. जागतिक बँकेला स्वस्त व्याजाचे फ्रँक-मार्क हवे होते, पण स्वित्झर्लंडमध्ये तिच्या कर्ज उभारणीवर मर्यादा. मग तिने डॉलरचे रोखे काढले आणि हप्ते बदलून घेतले. त्याआधी ब्रिटिश कंपन्या चलन नियंत्रण चुकवायला समांतर कर्जं द्यायच्या, तू माझ्या तिथल्या पोराला (उपकंपनीला) दे, मी तुझ्या इथल्या पोराला देतो. त्यात एक बुडाला तरी दुसऱ्याला आपलं देणं फेडावंच लागायचं, कारण ती दोन वेगळी कर्जं. स्वॅप हा एकच करार, म्हणून तो टिकला.

नौपाडा_शेवटची_अटेम्प्ट

काका, साष्टांग. "२ वजा ०.८ तुमच्या समोरच पडलाय" हे वाचलं तेव्हा गाडी ऐरोलीला उभी होती आणि मी मोठ्याने "अरे!" म्हणाले. शेजारची बाई दचकली.

आज शॉपफ्लोअरवर बघितलं तर हेच चाललेलं. आमच्याकडे व्हॉल्व्हच्या सीटचं लॅपिंग एक जुने फिटर करतात, २० मिनिटांत एक. पेस्ट लावून हाताने आठाच्या आकड्यात फिरवतात, मग निळा रंग लावून ठसा सगळीकडे सारखा येतोय का बघतात. हेल्पर पोराला त्याच कामाला तास लागतो. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली गळती बघणं) फिटर १० मिनिटांत करतात, पोरगा १२ मिनिटांत. फिटर दोन्हीत वरचढ, तरी टेस्टिंगला पोरगाच असतो. सुपरवायझरने रिकार्डोचं नाव ऐकलेलं नाही.

पण साहेबांनी आज वेगळाच मुद्दा काढला. म्हणाले, "व्याजाचं राहू दे. तीन वर्षांनी मुद्दल परत करायचं ते कुठल्या दराने?" मी म्हटलं सुरुवातीच्याच, ९० च्या. आपण १ कोटी युरो परत करायचे, आपल्याला ९० कोटी रुपये परत मिळणार. तर म्हणे, "तोवर युरो १०५ झाला तर मी १०५ कोटींची वस्तू देऊन ९० कोटी घेतोय. १५ कोटी गेले. तू मला अर्धा टक्का वाचवून देतेस, म्हणजे वर्षाला ५० हजार युरो, ४५ लाख रुपये. हा कुठला व्यापार?"

मी गप्प बसले. त्यांचं चुकतंय असं वाटतंय, पण कुठे ते सांगता येईना.

वागळे_२२_नंबर

ताई, तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा. आमच्या साहेबांनी हा प्रश्न वेळेत विचारला असता तर बरं झालं असतं.

मी वागळे इस्टेटला एका पॅकेजिंग कंपनीत होतो. २००७ च्या मध्याला एका बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर आला, गुळगुळीत फोल्डर घेऊन. आमचं ८ कोटींचं रुपयातलं कर्ज होतं. म्हणाला, जपानी येनमध्ये स्वॅप करा, व्याज निम्म्याहून खाली येईल. तेव्हा १०० येन ३३ रुपयांच्या आसपास होते. पहिल्या तिमाहीत खरोखरच व्याज वाचलं, साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले. ते पेढे अजून आठवतात.

आमचा सगळा माल भिवंडी आणि वापीला जायचा. येनमध्ये एक पैसाही यायचा नाही. २००८ संपताना येन डॉलरपुढे चढला, रुपया डॉलरपुढे पडला, दोन्ही एकदमच. १०० येन ५४ च्या घरात. आमच्या डोक्यावरचे साधारण २४ कोटी येन ८ कोटींचे १३ कोटी झाले. बँकेने मार्जिन, म्हणजे जादा तारण मागितलं. एमटीएम (करार आजच्या बाजारभावाने मोजला तर होणारा नफा-तोटा) हा शब्द आमच्या अकाउंटंटला तेव्हा कळला. मोडून बाहेर पडलो, साहेबांनी मुलुंडचा गाळा विकला.

त्यात तुलनात्मक लाभ-बिभ काही नव्हता. समोर दुसरी कंपनी नव्हती, येनची कमाई नव्हती. कमी व्याज बघून उडी मारली एवढंच. तुमचं तसं आहे का, हे आधी बघा. तुमच्या त्या वर्कशॉपची कमाई युरोत आहे ना?

कोपरी_निवृत्त_डीलर

वागळेकरांनी नेमकं बोट ठेवलं. तेव्हा असे बरेच जण पोळले होते, निर्यातदारसुद्धा.

ताई, साहेबांचं चूक आहे की बरोबर ते युरो येणार कुठून ह्यावर आहे. वर्कशॉप युरोत कमावतंय आणि त्याच युरोंतून मुद्दल फिटणार असेल तर युरो १०५ झाला काय आणि ७५ झाला काय, तुम्ही १ कोटी घेतले, १ कोटी दिले. रुपयांत बघितलं तर देणं १५ कोटींनी वाढलं, तसं वर्कशॉपही तेवढंच महाग झालं. आणि हे लक्षात घ्या, थेट जर्मन बँकेकडून ५.६ ने युरो काढले असते तरी हाच धोका होता. तो युरो कर्जाचा आहे, स्वॅपने आणलेला नाही. पण परतफेड इथल्या रुपयांतून युरो विकत घेऊन करायची असेल, तर साहेबांचे १५ कोटी खरेच आहेत.

तेव्हा आधी वर्कशॉपचा कॅशफ्लो काढा.

आणखी एक. बँक हे ०.२ ला करेल असं धरून चालू नका. तुम्ही मध्येच बुडालात तर जर्मनांशी केलेला करार बँकेला एकटीने निभवावा लागतो. जर्मन सावकार तुमच्याकडून २ टक्के जास्त मागत होता तो ह्याच भीतीपोटी, आणि स्वॅप केला म्हणून ती भीती हवेत विरत नाही, आपल्या बँकेच्या टेबलावर येऊन बसते. आमच्या वेळी एक ते पाच वर्षांच्या करन्सी स्वॅपला नोशनलच्या (कराराच्या मूळ रकमेच्या) १० टक्के संभाव्य एक्स्पोजर, म्हणजे बुडू शकणारी रक्कम, धरायचो, त्यात त्या दिवसाचा एमटीएम आमच्या बाजूने असेल तर तोही मिळवायचा. म्हणजे ९० कोटींवर बँकेने तुम्हाला दिलेल्या कर्जमर्यादेतली ९ कोटींची लिमिट पहिल्याच दिवशी खाल्ली जाते. तुमच्या कॅश क्रेडिटच्या लिमिटशेजारीच ती बसते. साहेबांना हे आत्ताच सांगा, नंतर कळलं की ओरडतात.

घणसोली_एक्सेल

माझं पहिलं उत्तर मागे घेतो. शीट बनवली, तिन्ही पर्याय घातले, युरोचा दर बदलला की बँकेचा नफा बदलतो. ७८ ला बरोबर शून्य येतो. हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

नौपाडा_शेवटची_अटेम्प्ट

उशिरा लिहितेय, मध्ये जीएसटीचे दिवस होते.

वर्कशॉपचे आकडे मागवले. सगळा खर्च जाऊन वर्षाला साधारण १२ लाख युरो उरतात. त्यातून ५.१ लाख व्याज. राहिले ७ लाखांच्या आत. तीन वर्षांत २१ लाख सुद्धा नाहीत, आणि फेडायचेत १ कोटी. हे मी साहेबांपुढे ठेवलं तेव्हा ते बराच वेळ कॅल्क्युलेटरकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षांचा हा आकडा आपला नव्हेच."

बँकेच्या ट्रेझरीकडून तोंडी कोट घेतला. आमची बाजू ५.४५, ५.१ नव्हे. म्हणजे आमच्या हाती ०.१५, वर्षाला १५ हजार युरो, साडेतेरा लाख रुपये, त्यातून वकील आणि कागदपत्रं. काका, तुम्ही म्हणालात तसंच. साहेब म्हणतात रक्कम ४० लाख युरोवर आणायची, बाकीचे भांडवल म्हणून घालायचे, मुदत सात वर्षं, मुद्दल दरवर्षी थोडं थोडं. तळोजावाल्यांना मात्र एकरकमी तीनच वर्षांचं हवंय. दोन्ही बाजूंच्या मुदती अशा जुळत नसतील तर बँक मध्ये बसते का?

कोपरी_निवृत्त_डीलर

बसते, पण मग तळोजावाले तुमच्या गोष्टीतून गेलेच समजा. बँक तुमच्याशी वेगळा करार करणार, त्यांच्याशी वेगळा, आणि उरलेली फट बाजारात भरून काढणार. त्या भरपाईचे पैसे तुमच्या दरातच येतील. ४० लाखांना सात वर्षांचा कोट मागा, दोन्ही लेगचं (रुपयाच्या आणि युरोच्या बाजूचं) मुद्दल एकाच वेळापत्रकाने उतरतंय ना ते बघा. रुपयाच्या कर्जाचे हप्तेही त्याच तारखांना बांधून घ्या, नाहीतर एक बाजू फिटलेली आणि दुसरी लटकलेली असं होतं. त्याच दिवशी थेट युरो कर्जाचाही कोट दुसऱ्या बँकेकडून घ्या. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेले कोट ताडून बघण्यात अर्थ नाही. आणि मध्येच मोडायचं झालं तर खर्च कसा मोजणार, हे लेखी मागा. टर्म शीटच्या (अटींच्या मसुद्याच्या) पहिल्या पानावर ते नसतं.